जांभळ्या गोळीचे दोन देश

काका सध्या कुठे आहेत असं कुणी विचारलं, की मला आधी महिना आठवावा लागतो. उन्हाळ्यात ते मुलीकडे लीड्सला असतात, पानगळीत मुलाकडे न्यू जर्सीला, आणि उरलेले दिवस गाझियाबादला, माझ्या खोलीच्या बरोबर खाली. कॉलनीत त्यांना सगळे 'टॉफी अंकल' म्हणतात. मी काका म्हणते, कारण मी त्यांची भाडेकरू आहे. आणि त्यांच्या घरात भाडेकरू होणं ही साधी गोष्ट नव्हती.

अकोल्याहून मी केंद्र सरकारच्या एका खात्यात अनुवादक म्हणून रुजू झाले, तेव्हा ऑफिसातल्या एका बाईंनी हा पत्ता दिला होता. "नगरचं ख्रिस्ती कुटुंब आहे, चाळीस वर्षं इथे आहेत. माणसं चांगली. काका जरा..." एवढं बोलून त्यांनी हात हवेत गोल फिरवला होता.

काकांनी मला काहीच विचारलं नाही. मांसाहार करता का, पाहुणे येतात का, रात्री किती वाजता येणार, काही नाही. दोन बशा पुढे केल्या. प्रत्येकीत एकेक जांभळी गोळी. रंगाने अगदी सख्ख्या बहिणी.

"डोळे मिटा आणि सांगा."

मी पहिली तोंडात टाकली. "जांभूळ? नाही... करवंद. करवंदाचं सरबत."

"पाणी प्या. आता दुसरी."

दुसरी जिभेवर ठेवली आणि मी थेट अकोल्याच्या आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसले. "हे तापाचं औषध आहे. लहान मुलांचं, पातळ."

काका खुर्चीतून उठले. आतल्या दिशेने तोंड करून ओरडले, "अगं ऐकलंस का! हिला जीभ आहे!"

"सगळ्यांनाच असते हो," आतून काकू म्हणाल्या. "पंखा बंद करा त्या खोलीतला."

जागा मिळाली. ती अशी का मिळाली हे मला महिन्याभराने कळलं. काका सरकारी प्रयोगशाळेत अन्नपदार्थ तपासायचे. मसाल्यात विटेची पूड, चहात रंग, दुधात काय काय, हे शोधण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले त्याच वर्षी मधुमेह निघाला. मुलगा सॅमी अमेरिकेत, मुलगी रूथ इंग्लंडमध्ये, आणि दोघंही नाताळला पार्सल पाठवायची. घरात दोन देशांच्या गोळ्या, चॉकलेटं, टॉफ्या, आणि काकांना एकही खायची परवानगी नाही. जन्मभर जो माणूस जिभेवर ठेवून निकाल द्यायचा, त्याच्याकडे आता फक्त नाक उरलं होतं. काकूंना गोड आवडत नाही. आधीचा भाडेकरू बंगाली होता, पण त्याला सगळंच 'भालो' लागायचं, त्यामुळे त्याचा काही उपयोग नव्हता.

शनिवारी दुपारी चार वाजता मला बोलावणं यायचं. टेबलावर पांढरा कपडा. काका अडकित्त्याने गोळी फोडायचे, अर्धी माझ्यासाठी, अर्धी स्वतः हुंगायला. गोळीला गोळी म्हणायचं नाही, 'नमुना' म्हणायचं. मी काही बोलायच्या आधी ते तोंडाकडे बघत बसायचे, जसं कुणी टीव्हीवर क्रिकेट बघतं.

मी शिकत गेले. जांभळा रंग दिसला की इंग्रजाच्या मनात एक काळं, आंबटगोड, करवंदासारखं फळ येतं आणि अमेरिकनाच्या मनात द्राक्ष. "का सांगू? त्या फळाची झुडपं पाइनच्या झाडांना रोग लावतात, म्हणून अमेरिकेत ती लावायलाच बंदी होती. पिढ्याच्या पिढ्या त्या चवीवाचून मोठ्या झाल्या. विचार कर, करवंदावाचून बालपण!" असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून यायचा. एका ब्रिटिश गोळीला नेलपॉलिशचा वास यायचा आणि काका म्हणायचे, "बिल्कुल बरोबर, रसायन एकाच घराण्यातलं आहे. घाबरू नकोस, खा." अमेरिकेत आणि इंग्लंडात अगदी एकच नाव असलेल्या दोन डब्या त्यांनी मला दाखवल्या. एकीत रंगीत कवचाची चॉकलेटं होती आणि दुसरीत खडूसारख्या आंबट चकत्या. "नाव एक, आत्मा वेगळा. आपल्या ऑफिसात असे दोन कुलकर्णी होते."

इंग्लंडमध्ये कँडी म्हणत नाहीत, स्वीट्स म्हणतात, यावर त्यांचा विशेष राग होता. "कँडी म्हणजे आपली खांड! खांडसाखर! शब्द आपल्याकडून गेला तो अमेरिकेने सांभाळला. इंग्रज दीडशे वर्षं इथे राहून विसरला." पण पुढच्याच शनिवारी अमेरिकेवर राग. "शरबत घे. इंग्रजाने त्याची फसफसणारी पूड केली, अमेरिकनाने ते गोठवलं. नाव दोघांचंही शरबतच. पिऊन टाकायचं मात्र कुणालाच सुचलं नाही!"

एकदा त्यांना जाहीर भाषणाचं बोलावणं आलं. दिवाळी तोंडावर होती आणि कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात दिल्लीतल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. विषय ठरला होता 'सणासुदीत भेसळ कशी ओळखावी'. बायका वह्या घेऊन आल्या होत्या. मी काकांची पिशवी घेऊन मागे उभी होते आणि पिशवीचं वजन हातात घेतल्याबरोबर मला कळलं होतं की आत भाषणाचे कागद नाहीत.

काका उभे राहिले आणि म्हणाले, "भेसळीबद्दल सगळ्यांना माहिती आहे. आज आपण अमेरिकन आणि ब्रिटिश गोळ्यांतला भेद बघू."

पहिल्या रांगेत एक निवृत्त सचिव बसले होते. झुपकेदार मिशा, सफारी, मांडीवर पुष्पगुच्छ. काकांनी त्यांना लाल गोळी दिली. ती अमेरिकेतली दालचिनीची होती. मला ती ठाऊक होती, एका शनिवारी तिच्यामुळे मी अर्धा तास नळाखाली तोंड धरलं होतं. मी मागून हातवारे केले, पण तोपर्यंत गोळी मिशांच्या आड गेली होती. साहेबांचा चेहरा आधी विचारमग्न झाला, मग गुलाबी, मग गोळीच्याच रंगाचा. मग ते उठले, व्यासपीठावर चढले आणि वक्त्यासाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांनी उभ्याने रिकामा केला.

"पाहिलंत?" काका आनंदाने ओरडले. "अमेरिकन गोळी आधी थोबाडीत मारते, मग गोड बोलते! आणि ही बघा ब्रिटिश, बडीशेपेची. ही गोड बोलून तोंडात शिरते आणि दीडशे वर्षं जात नाही!"

सभागृह कोसळलं. सचिवसाहेबही हसले, डोळ्यांतून पाणी काढत. आयोजक तेवढे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, पानिपत झालं हो आमचं." पुण्यात हा वाक्प्रचार असेल. दिल्लीत ती बसची पाटी आहे, त्यामुळे शेजारी बसलेल्या एका शाळकरी मुलीने आईला विचारलं, "मम्मी, अंकल पानिपत जा रहे हैं क्या?"

शेवटी एका बाईंनी वही पुढे करून विचारलं, "सर, पण खव्याचं काय?"

"खवा घरी करा," काका म्हणाले आणि खाली बसले.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, आणि मलाही वाटत होतं की हा एका रिकाम्या माणसाचा नाद आहे. तसं नव्हतं.

मी राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात काकू न्हाणीघरात घसरल्या. मनगट मोडलं. सॅमीचा फोन आला: "आता बस झालं, दोघं इकडे या." तासाभराने रूथचा: "दोघं इकडे या." मग बहीणभावांचा एकमेकांना फोन झाला आणि तो शेवटचा ठरला. तू कधी विचारपूस करतेस, तू कधी आलास, असं काहीतरी झालं असावं. त्यानंतर दोघं बोलेनाशी झाली. काका मधोमध. त्यांनी दोघांनाही एकच उत्तर दिलं: "परीक्षण चालू आहे. जिथली गोळी चांगली ठरेल तिकडे येऊ."

ते थट्टेत म्हणाले होते. पोरांनी ते खरं मानलं. नाताळचं पार्सल दर महिन्याला यायला लागलं. अमेरिकेहून शेंगदाण्याच्या लोण्याची चॉकलेटं आली की आठवड्याने इंग्लंडहून समुद्रकिनाऱ्यावर मिळणारी कांडी यायची, जी कुठेही मोडा, आत गावाचं नाव लिहिलेलं. पोस्टमन मला रस्त्यात थांबवून विचारायचा, "मैडम, आजकल कौन जीत रहा है?"

गुण मी द्यायचे. चवीला, रंगाला, वासाला. आणि दर महिन्याला निकाल बरोबरीत. मला आधी हा योगायोग वाटला. मग एका शनिवारी इंग्लंड चांगलंच पुढे गेलं, तेव्हा काकांनी घाईघाईने नवीन रकाना काढला: 'वेष्टन उघडताना होणारा आवाज'. त्यात अमेरिकेला भरघोस गुण.

"काका, तुम्ही बरोबरीत आणताय."

ते अडकित्ता पुसत बसले. मग म्हणाले, "अगं, दोन पोरांच्या बापाने एक घर निवडलं की दुसऱ्या घराला तो कायमचा पाहुणा होतो. इथे आहे तोवर दोघांचाही बाप आहे."

वेष्टनाच्या आवाजाचा रकाना कायम झाला.

दोन वर्षांनी, नाताळच्या चार दिवस आधी, दुपारी बेल वाजली. दारात रूथ, दोन बॅगा, नाक लाल. "सरप्राइज!" काकू करंज्या तळत होत्या, झारा घेऊनच पळत आल्या. रडणं, हसणं, चहा. चहा अजून संपलेला नव्हता तेव्हा परत बेल वाजली. दारात सॅमी. "सरप्राइज!" त्याने बहिणीला पाहिलं, आणि त्याचं सरप्राइज चेहऱ्यावरच विरून गेलं.

दोन दिवस घरात भयंकर सभ्यता होती. "पप्पा, त्याला विचारा साखर किती." "मम्मी, तिला सांग टॉवेल माझा आहे." चाळिशीतली माणसं! काकू करंज्या करत राहिल्या. मी वरच्या मजल्यावर पाय न वाजवता वावरत होते.

चोवीस तारखेला सकाळी काकांनी मला खाली बोलावलं. टेबलावर पांढरा कपडा, दोन खुर्च्या, काकूंच्या दोन ओढण्या. "बसा दोघं. डोळे बांध गं यांचे. आज अंतिम परीक्षण."

"पप्पा, ये क्या है यार," सॅमी म्हणाला, पण बसला. काकांच्या टेबलाशी त्या घरात कुणी वाद घालत नसे.

मी दोघांच्या तोंडात एकेक चौकोनी तुकडा ठेवला. साधं दुधाचं चॉकलेट, पण सॅमीला इंग्लंडचं आणि रूथला अमेरिकेचं.

रूथचं तोंड वाकडं झालं. "ई! हे तुझ्याकडचं आहे ना? उलटीचा वास येतो याला!"

"आणि हे तुझ्याकडचं," सॅमी म्हणाला. "चॉकलेट नाही हे, डालडा आहे डालडा!"

"तुझ्या देशाला दूध तरी कळतं का?"

"तुझ्या देशाला दात तरी आहेत का?"

डोळे बांधलेले असल्यामुळे दोघं चुकीच्या दिशेला तोंड करून भांडत होती. रूथ फ्रिजला सुनावत होती. सॅमी मला. दोन वर्षं साठलेलं सगळं बाहेर यायला लागलं. मम्मी पडली तेव्हा तू कुठे होतास, तू तरी कुठे होतीस, तिकीट मी काढलं होतं, मग आला का नाहीस, व्हिसाचं तुला माहीत होतं ना, मग सांगितलंस का नाही. मी काकांकडे पाहिलं. ते शांतपणे अर्धा तुकडा हुंगत होते.

"रूथ बरोबर आहे," ते म्हणाले. दोघांची तोंडं आवाजाच्या दिशेला वळली. "उलटीचाच वास आहे. अमेरिकन चॉकलेटात दुधातलं एक आम्ल मोकळं झालेलं असतं. जुन्या चीजमध्ये असतं, तेच. आणि तान्ह्या पोराने ओकलेल्या दुधात असतं, तेच. तुम्ही दोघं माझ्या याच खांद्यावर ओकायचात. लॅबमध्ये जायच्या आधी, इस्त्रीच्या शर्टावर. मला हा वास कधी वाईट वाटलाच नाही."

स्वयंपाकघरात काकूंनी कढईखालचा गॅस बारीक केला.

मग सॅमीला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळीकडून. "म्हणजे पप्पा, अमेरिकेला जास्त गुण... मी ओकलो म्हणून?" रूथ फ्रिजवर डोकं टेकून हसायला लागली. ओढण्या काढल्यावर दोघांच्या डोळ्यांखाली ओलं होतं आणि ते हसण्याचं की कशाचं हे कुणी विचारलं नाही. रूथने भावाच्या हातातला उरलेला 'डालडा' हिसकावून खाल्ला.

"झालं?" स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या. हाताला पीठ. "आता मी बोलू? दोन वर्षं गोळ्यांना विचारताय कुठे जायचं. मला कुणी विचारलंय?"

कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही चौघंही जमिनीकडे बघायला लागलो.

"मला राहायला कुठे जायचं नाही. माझं घर हेच. पण मला दोन्हीकडे फिरायचंय. बर्फ बघायचाय. तो समुद्रकिनारा बघायचाय, जिथे कांडीत गावाचं नाव लिहितात. मी फेब्रुवारीत आधी रूथकडे जाणार, मग सॅमीकडे. पासपोर्ट तयार आहे माझा."

"तुझा?" काका म्हणाले. "कधी काढलास?"

"मार्चमध्ये. हिच्याबरोबर जाऊन." आता सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मार्चमध्ये तुम्ही दोघी पानिपतला गेला होतात," काका हळूहळू म्हणाले. "ब्लँकेट आणायला."

"ब्लँकेट कोपऱ्यावरच्या दुकानातलं आहे हो," काकू म्हणाल्या. "पासपोर्टच्या ऑफिसातून येताना घेतलं. काहीतरी हातात दिसायला हवं ना."

"मी नऊ महिने लोकांना सांगतोय! हात लावून बघा, अस्सल पानिपत! विणीवरून ओळखलं म्हणून सांगतोय!"

रूथ आणि सॅमी एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होती. चाळीस वर्षं भेसळ पकडणाऱ्या माणसाच्या घरात, त्याच्याच अंगावर, नऊ महिने भेसळ पांघरलेली होती. काकांनी खुर्चीवरचं ब्लँकेट उचललं आणि नाकाशी धरून हुंगलं.

"आणि मी?" शेवटी ते म्हणाले.

"तुमचा पासपोर्ट कधीचा संपलाय. तुम्ही परीक्षण करा."

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही काकूंना विमानतळावर सोडायला गेलो. साडीखाली पांढरे बूट, गळ्यात पासपोर्टची पिशवी. रूथने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. काकूंनी ती घेऊन आलेल्या माणसाला "बेटा, तुम बैठ जाओ, थके हुए लगते हो," असं सांगून परत पाठवलं. काका त्यांना कुठल्या दुकानात काय चाखायचं याची यादी द्यायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, मी गोळ्या खायला चाललेली नाही." मग स्वतःच ती यादी त्यांच्या हातातून घेतली, घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं. काकू आत गेल्या. काचेतून पांढरे बूट जरा वेळ दिसले, मग लोकांत मिसळले.

काका तिथून हलेनात. टॅक्सीत ते खिडकीशी बसले. मी दोनदा विषय काढला, एकदा हवेचा, एकदा ट्रॅफिकचा. यमुना ओलांडली तेव्हा ते खिडकीकडे बघतच म्हणाले, "तो फॉर्म मोबाइलवर भरता येतो का गं?"

"कुठला?"

"पासपोर्टचा. परत काढायचा म्हटलं तर."

मी मोबाइल काढला. नाव, जन्मस्थळ नगर, पत्ता, पत्नीचं नाव. प्रत्येक उत्तर ते साक्षीदारासारखं ताठ बसून देत होते. आधीचा पासपोर्ट कधी संपला हे त्यांना दिवसासकट आठवत होतं. गाझियाबाद आलं तेव्हा मी शेवटाशी पोहोचले होते.

"काका, इथे एक नाव द्यायचंय. काही अडचण आली तर तातडीने कुणाला कळवायचं. सॅमीचं लिहू की रूथचं?"

ते माझ्याकडे वळले. समोर सिग्नल लाल होता आणि एक फुगेवाला काचेवर टकटक करत होता.

"तुझं लिही," ते म्हणाले. "आणि त्या दोघांना सांगू नकोस."